कुलूप लावलेलं होतं

कारखान्यातल्या कामगारांना सुरक्षा शिकवताना मी एक गोष्ट सांगतो. पस्तीसएक वर्षं सांगत आलो. लातूरच्या एका तेल गिरणीत एक म्हातारा मिस्त्री होता. यंत्रात उतरण्याआधी मेन स्विचला कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याजवळ ठेवायची, हा नियम त्यानंच त्या गिरणीत आणला. सगळ्यांना शिकवला. आणि एके दिवशी घाईत स्वतःच कुलूप लावायला विसरला. कोणीतरी स्विच टाकला आणि त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

एवढं सांगून मी थांबायचो. मग मी म्हणायचो, "जो शिकवतो तोही विसरतो. म्हणून डोक्यावर भरवसा ठेवू नका, सवयीवर ठेवा." हे वाक्य लोक वहीत उतरवून घ्यायचे.

ही गोष्ट खोटी आहे. मिस्त्री विसरले नव्हते. म्हातारेही नव्हते. काय झालं ते मी पुढं लिहिणारच आहे, पण आधी तो माणूस कसा होता ते सांगतो. नुसता कबुलीजबाब लिहिला तर त्यात सगळीकडं मीच दिसत राहीन, आणि मिस्त्री पुन्हा एकदा बाजूला पडतील.

नांदेडच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन मी लातूरला त्या गिरणीत केमिस्ट म्हणून लागलो. केमिस्ट म्हणजे काय, तर तेलाचे नमुने तपासायचे आणि उरलेल्या वेळात मुनीमजींना आकडेमोडीत मदत करायची. गिरणीचे मालक आप्पा आमच्या समाजाचे, वडिलांच्या ओळखीचे. मी उदगीरकडचा. आप्पांनी शब्द टाकल्याबरोबर नोकरी दिली, ही गोष्ट मी कधी विसरू नये याची काळजी आप्पा स्वतः घ्यायचे.

पहिल्याच दिवशी शेडच्या दारात एका काटक, काळ्यासावळ्या माणसानं मला अडवलं. खाकी अर्धी चड्डी, बुशर्टाच्या बाह्या कात्रीनं खांद्याजवळ कापलेल्या, कमरेला जाड चामडी पट्टा आणि पट्ट्याला लटकणारं एक पितळी कुलूप. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गळ्यात काय हाय?"

"लिंग आहे," मी म्हणालो. चांदीच्या डबीचा दोरा माझ्या शर्टाबाहेर आला होता.

"आत टाका. अन् वरचं बटन लावा. मशीनच्या पट्ट्याला देव कळत न्हाई."

मी थोडा रागावलो. म्हणालो, "तुमच्या गळ्यात नाही काही?"

"किल्ली हाय. आमचा बुद्ध भिंतीवर असतो. तितं पट्टा न्हाई फिरत."

मग त्यांनी विचारलं, किती शिकलात? मी सांगितलं. तेव्हापासून गिरणी सोडेपर्यंत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए बीएस्सी." पहिले आठ दिवस 'तुम्ही', मग 'तू'. मी मात्र कायम 'मिस्त्री'च म्हणत राहिलो. गिरणीत सगळेच म्हणायचे. ते उमरीजवळच्या एका खेड्यातले. वडील शेतमजूर, छप्पन साली बुद्ध धम्मात गेलेलं घर. मिस्त्री शाळेत चौथीपर्यंत गेले आणि पुढचं सगळं इंजिनांकडून शिकले.

त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे शिक्षा होती. सिनेमाला गेलो तर तिकीट काढल्यावर आधी थिएटरला दुसरं दार कुठं आहे ते बघायचं, ते ढकलून उघडतं का हे पाहायचं, आणि नाही उघडलं तर मॅनेजरशी भांडायचं. एकदा या भांडणात अर्धा सिनेमा गेला. हॉटेलात भट्टीकडं पाठ करून बसायचं नाही. एसटीत चढताना ड्रायव्हरला विचारायचं, "ब्रेक बघितला का सकाळी?" ड्रायव्हर म्हणायचा, "तुम्ही चालवता का?" ते शांतपणे म्हणायचे, "न्हाई. म्हणून तर विचारून राहिलो."

माझ्या लग्नाला उदगीरला आले तेव्हा अक्षता पडायच्या आधी मांडवाच्या मागं आचाऱ्याशी त्यांची जुंपली होती. चूल मांडवाच्या कापडाला खेटून होती. मिस्त्रींनी तेलाची कढई उतरवायला लावली, चूल दहा पावलं लांब नेली, मगच हात धुऊन अक्षता टाकायला आले. माझ्या सासऱ्यांनी मला हळूच विचारलं, "हे वऱ्हाडी आहेत का इन्स्पेक्टर?"

गिरणीतली पोरं टिंगल करायची. मिस्त्री आले की एकजण म्हणायचा, "दारं मोजा रे." त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. "हासा," म्हणायचे. "हासायला तोंड शाबूत लागतं."

आता कुलपाचं. मी लागलो त्याआधी गिरणीत रीत अशी होती की, कोणी यंत्रात हात घातला असेल तर स्विचजवळचा माणूस ओरडून विचारायचा, "टाकू का?" आणि आतला ओरडून सांगायचा. दोन शेड, मध्ये भिंत, पट्ट्यांचा आणि शेंगा फोडायच्या यंत्राचा आवाज. मिस्त्री म्हणायचे, "हाव म्हणला का न्हाई म्हणला, कोनाला ऐकू येतं? दोन्ही एकच वाटतं." त्यांनी लोहाराकडून एक पट्टी करून घेतली, पाच भोकांची. ती स्विचच्या दांड्यात अडकवायची. यंत्रात जितके लोक उतरतील तितकी कुलपं त्या भोकांत पडायची. ज्याचं कुलूप त्याचीच किल्ली. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही तोवर गिरणी चालू होऊ शकत नाही, मग समोर मालक असो की मंत्री.

आप्पांनी कुलपं आणून द्यायला नकार दिला. तेव्हा मिस्त्रींनी सगळ्यांना आपापल्या घरची कुलपं आणायला लावली. त्यावरून बायकांनी दंगा केला. एका हमालाची बायको थेट फाटकावर आली.

"घराचं कुलूप गिरणीला लावता, मग घराला काय लावू? शेण?"

मिस्त्री म्हणाले, "बाई, चोर आला तर भांडी नेईल. भांडी बाजारात भेटतात. नवरा बाजारात भेटतो का?"

"भेटला असता तर मी हाच कशाला घेतला असता!"

अख्खं फाटक हसलं. मिस्त्री आठवडाभर ते वाक्य स्वतःशी म्हणून हसत होते. बोलण्यात त्यांना हरवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. पण कुलपं आली. मिस्त्रींच्या पितळी कुलपाला निळा दोरा बांधलेला असायचा, लांबून ओळखू यावं म्हणून. त्याची दुसरी किल्ली त्यांनी सगळ्यांना बोलावून, दाखवून, गिरणीच्या आडात टाकली होती.

त्यांचा एक हट्ट मात्र इथं सांगितला पाहिजे. पट्ट्यावरची जाळी तुटली आणि आप्पा नवी आणून देईनात, तेव्हा मिस्त्रींनी कोणी आत नसतानाही स्विचला कुलूप घातलं आणि बाहेर निंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसले. आप्पा तणतणत आले.

"मिस्त्री, गिरणी तुझी का माझी?"

"तुमचीच हाय, आप्पा. हात तेवढे लोकांचे हायत."

अर्धा दिवस गिरणी बंद राहिली. संध्याकाळी जाळी आली. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. म्हणजे त्यांचं कुलूप दिसलं की आत माणूस आहे, एवढाच त्याचा अर्थ नसायचा. मी यात सबब शोधत नाही. पण पुढं हे माझ्या डोक्यात होतं, म्हणून सांगितलं.

दरवर्षी पोळा झाला की उमरीकडून एक शेतकरी त्यांना भेटायला यायचा. दोघं निंबाखाली बसायचे, बोलायचे जवळपास काहीच नाही. तासाभरानं तो उठायचा, "येतो," म्हणायचा, मिस्त्री "हाव" म्हणायचे, संपलं. एका वर्षी मिस्त्री कामात अडकले होते म्हणून त्याला मी चहा दिला आणि विचारलं, तुमचं नातं काय?

"नातं कायी न्हाई," तो म्हणाला. "हा मानूस मह्या छातीवर बसला होता."

मोठ्या दुष्काळातली गोष्ट. विहिरींचं पाणी इतकं खाली गेलं की वर ठेवलेल्या इंजिनाला ते ओढता येईना. म्हणून लोक दोरखंड लावून इंजिनंच विहिरीत उतरवायचे, आतल्या कपारीवर ठेवायचे आणि तिथं चालू करायचे. याच्या विहिरीतलं इंजिन बंद पडलं. दुरुस्तीला मिस्त्रींना बोलावणं गेलं होतं, पण ते पोचायच्या आधीच याचा धाकटा भाऊ खाली उतरायला निघाला. आमच्याकडं ज्वारी साठवायचं पेव असतं, जमिनीतलं. ते उघडल्यावर एकदम आत उतरत नाहीत. आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर हवा वाईट, जळत राहिला तर उतरायला हरकत नाही. बापजाद्यांपासूनची रीत. त्याप्रमाणे यांनी विहिरीत कंदील सोडला. कंदील झकास जळत होता. भाऊ उतरला. तळाला पोचला आणि गुडघ्यातून मोडल्यासारखा खाली बसला.

"मी उडीच घेनार होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात हा आला. यानं वाकून बघितलं. कंदील जळून राहिला अन् बाजूला मानूस पडलेला. यानं मला कमरंला धरलं, आडवं पाडलं अन् छातीवर बसला. मी चावलो याला. शिव्या दिल्या. जातीवरून दिल्या. पर उठला न्हाई. वरून लोकाला सांगून राहिला, निंबाचे डहाळे बांधा, दोरानं खालीवर करा, हवा हलवा, पानी वता."

तासभर डहाळे खालीवर केल्यावर गळ टाकून भावाला वर घेतलं. तो गेला होता. इंजिनाचा धूर विहिरीत साचला होता आणि त्या धुरात कंदील विझत नाही, माणूस विझतो. हे त्या दिवशी त्या गावात फक्त मिस्त्रींच्या लक्षात आलं, आणि तेही त्याच क्षणी. पण गावानं काय म्हटलं? धाकट्याला मरू दिलं म्हटलं. भाऊ वाचवायला निघालेल्याला दाबून धरलं म्हटलं. मिस्त्रींना गाव सोडावं लागलं.

"अन् तुम्ही?" मी विचारलं.

"मीबी तेच म्हनायचो. दोन वर्सं. मंग एक दिवस पोराला मांडीवर घेऊन बसलो होतो, तवा ध्यानात आलं. हे पोरगं त्या दुष्काळानंतरचं हाय."

हे मी नंतर मिस्त्रींना विचारलं. त्यांनी उडवून लावलं. एवढंच म्हणाले, "तेव्हापास्नं मी दिव्यावर, आवाजावर, कोनाच्या सांगन्यावर इस्वास ठिवत न्हाई. किल्ली हातात असली तर खरं."

मी पुढं सुरक्षेचं शिक्षण घेतलं तेही त्यांच्याच डोक्यातून आलं. एकदा लांबून एक फॅक्टरी इन्स्पेक्टर आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की मोठ्या कारखान्यांत कायद्यानं सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो.

"त्याचं काम काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"कामगारांना इजा होऊ नये हे बघायचं."

"तेवढंच? अन् पगार देतात?"

"चांगला देतात."

मिस्त्री माझ्याकडं वळले. "बघ बीएस्सी. मी फुकट करून राहिलो." आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाले, "तू ते हो. मला इंग्रजी येत न्हाई, तुला गिरणी येत न्हाई. गिरणी मी शिकवतो."

मुंबईला वर्षभराचा पदविकेचा अभ्यासक्रम होता. मी पुस्तकं मागवली. दुपारच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीवर बसून मी इंग्रजीतून वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि ते उलटतपासणी घ्यायचे. एका पुस्तकात होतं की बहुतेक अपघात कामगाराच्या चुकीनं होतात. मिस्त्रींनी घास हातात धरून विचारलं, "लिव्हनारानं गिरणीत किती दिवस काम केलं?"

"मिस्त्री, ते मोठे विद्वान आहेत."

"मंग मालकाचा पावना असंल."

अर्जाला गिरणीचं अनुभवाचं आणि शिफारशीचं पत्र लागायचं. ते आप्पांनी द्यायचं होतं. आप्पा "बघू" म्हणायचे. दोन महिने बघतच होते. अर्जाची मुदत संपत आली.

त्याच पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. प्रत्येक कागदासाठी उस्मानाबाद गाठायची कटकट संपली म्हणून गाव खुशीत होतं. नवे साहेब आले, नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि साहेब लोक गावातले कारखाने बघायला निघाले. आमच्या गिरणीचा दिवस ठरला. त्या सकाळी आप्पांनी मला बोलावून पत्र टेबलावर ठेवलेलं दाखवलं. टाईप केलेलं, फक्त सही बाकी.

"साहेब येऊन गेले की करतो. गिरणी तेवढी चालू दिसली पाहिजे. तू बघ."

दहाच्या सुमारास एलिव्हेटर अडकला. एलिव्हेटर म्हणजे पट्ट्यावर बसवलेल्या लहान बादल्यांची उभी माळ, खालच्या खड्ड्यातून शेंगा वर नेणारी. खड्ड्यात टरफल आणि माती बसली होती. गिरणी थांबली. मिस्त्रींनी स्विचला कुलूप लावलं आणि खड्ड्यात उतरले. सोबतच्या हमालाला त्यांनी पहार आणायला कोठीकडं पाठवलं. हे सगळं मला नंतर कळलं. मी तेव्हा फाटकावर होतो.

बाजार समितीतून निरोप आला, साहेबांची गाडी निघाली. आप्पा, मुनीमजी आणि मी स्विचच्या खोलीत गेलो. निळ्या दोऱ्याचं कुलूप लटकत होतं.

"कुठं गेला हा?" आप्पा म्हणाले.

मी एक हाक मारली. एकच. खड्डा पलीकडच्या शेडमध्ये, भिंतीमागं. उत्तर आलं नाही.

मुनीमजी म्हणाले, "बसला असंल निंबाखाली रुसून. साहेबांसमोर नाक कापायचंय त्याला."

मलाही तेच वाटलं. मुनीमजींनी म्हटलं म्हणून नव्हे. मला आधीच वाटलं होतं. मला राग आला होता. आजचाच दिवस सापडला का यांना, असं वाटलं.

"काप," आप्पा म्हणाले.

मी करवत आणली. जुनं पितळी कुलूप, कडी जाड. कापायला चार-पाच मिनिटं लागली. घाम येत होता. त्या चार-पाच मिनिटांत पलीकडच्या शेडपर्यंत चालत जाऊन परत येता आलं असतं. दोनदा येता आलं असतं. ज्यानं मला शिकवलं होतं की आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, त्याचा आवाज आला नाही म्हणून मी आत कोणी नाही असं ठरवलं.

स्विच मी टाकला.

साहेबांची गाडी आत आली तेव्हा ताडपत्रीत घालून मिस्त्रींना मागच्या फाटकानं नेत होते. आप्पांनी साहेबांना ऑफिसात चहाला बसवलं. जाता जाता मला म्हणाले, "ते कुलूप आडात टाक." मी टाकलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात इन्स्पेक्टर जबाब घ्यायला येणार होते. त्याआधी मी गेलो. मिस्त्री भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी रडायला लागलो.

"गप," ते म्हणाले. "बायको झोपली हाय बाहेर. ऐक. कुलूप लावायचं राह्यलं, असं मी सांगनार हाय."

"नाही मिस्त्री. मी सांगतो, मी कापलं."

"तू सांगशील. आप्पा म्हनंल, मी कुठं म्हनलो काप? मुनीम त्याचीच री ओढंल. तू तुरुंगात, मी गावात. मंग हे कुलूप लावायला शिकवनार कोन?" मग म्हणाले, "तू मुंबईला जा. शिक. पर मी माफ केलं असं समजू नको. ते येगळं हाय."

मी "नाही" म्हणू शकलो असतो. आप्पांच्या टेबलावरचं पत्र माझ्या डोळ्यांसमोर होतं.

इन्स्पेक्टर आले. मिस्त्रींनी सांगितलं. इन्स्पेक्टरांसोबत आलेल्या कारकुनाचं अक्षर वाईट होतं, म्हणून ते मला म्हणाले, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच लिहा. मी लिहिलं. 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' हे वाक्य कुठल्यातरी दप्तरात अजून असेल तर ते माझ्या अक्षरात आहे. मिस्त्रींनी खाली डाव्या हाताचा अंगठा दिला. सही येत होती त्यांना. करायला हात नव्हता. आणि निष्काळजीपणा लिहिला गेल्यामुळं त्यांना जे मिळायला हवं होतं ते पूर्ण मिळालं नाही, हेही इथं नोंदवतो.

पत्रावर आप्पांनी त्याच संध्याकाळी सही केली.

मुंबईत मी चांगला अभ्यास केला. विषारी वायूंच्या पेपरात मी विहिरीतला कंदील लिहिला. प्राध्यापकांनी वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? मी म्हणालो, आमच्याकडचं आहे. नोकऱ्या मिळाल्या. जिथं गेलो तिथं पहिल्या महिन्यात कुलपं आणली. मिस्त्री तोवर गावाकडं परतले होते. मी दोन पत्रं लिहिली. बऱ्याच दिवसांनी एक कार्ड आलं, मुलीच्या अक्षरात: 'कुलुपं लावतात का?' बाकी काही नाही. मी 'लावतात' एवढंच कळवलं. पुढं लिहायचं धैर्य झालं नाही.

ती खोटी गोष्ट पहिल्यांदा तोंडातून निघाली ती एका कारखान्यातल्या वर्गात. लोक जांभया देत होते. मला काहीतरी हवं होतं. गोष्ट सांगितली आणि जांभया थांबल्या. मग ती दरवेळी सांगू लागलो. 'म्हातारा' मी मागून घातलं. म्हाताऱ्याचं विसरणं लोकांना पटतं.

गेल्या वर्षी नांदेडला एका वर्गानंतर तिशीतला एक ऑपरेटर थांबला. म्हणाला, "सर, तुमचे ते मिस्त्री उमरीकडचे का? माझे आजोबा त्यांच्यामुळं वाचले होते, विहिरीवर. आजोबा म्हणायचे, तो माणूस मरंल पण कुलूप विसरणार न्हाई." तो उद्धटपणे नव्हता बोलत. त्याला खरंच कळत नव्हतं की दोघांपैकी खरं कोण बोलतोय.

त्याच्याकडून कळलं की मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी किनवटला आश्रमशाळेवर शिक्षिका आहे, आई तिच्याजवळ असते. मी मुदखेडवरून गाडीनं किनवटला गेलो.

मुलगी आता पन्नाशीच्या पुढची. वडिलांसारखीच काटक. ओसरीत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "बाबा एकदा तुमच्या वर्गाला येऊन गेले होते."

"कुठं?" मी विचारलं.

"नांदेडला. मीच घेऊन गेले होते. मागं दाराजवळ बसले. ती गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकली. बाहेर आल्यावर मी विचारलं, हा माणूस तुमचंच सांगत होता ना? तर म्हणाले, 'बरं शिकवतो. पर मला म्हातारा कामून केलं त्यानं? चाळीसचाबी नव्हतो.'"

"आणि कुलपाचं?"

"त्याबद्दल काही नाही बोलले. आम्हाला कोणालाच कधी बोलले नाहीत. मला आज कळतंय." तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही. "बाबा रोज काहीतरी डाव्या हातानं करायला जायचे, जमायचं नाही, आणि आई म्हणायची, साऱ्या जगाला कुलुपं लावत हिंडलात अन् आपलंच विसरलात. तीस वर्षं म्हणायची. ते ऐकून घ्यायचे."

मी म्हणालो, "बाई, मला माफ—"

"ते मला नका सांगू. आई आत आहे. तिला सांगा. पण तिला ऐकू येत नाही. मोठ्यानं बोलावं लागंल."

आतल्या खोलीत खाटेवर एक बारीक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मुलीनं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, लातूरच्या गिरणीतले आलेत. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, कपाळावर हात आडवा धरून, उन्हात बघतात तसं.

मी खाटेजवळ गेलो. म्हणालो, "मिस्त्री विसरले नव्हते."

"आँ?"

"कुलूप लावलं होतं त्यांनी!" मी मोठ्यानं म्हणालो. "मी कापलं!"

"काय म्हंतो हा?" तिनं मुलीला विचारलं. मुलीनं माझ्याकडं बोट दाखवलं. ते ती सांगणार नव्हती.

मी ओरडलो. बाहेर गल्लीत चालणारं कोणीतरी थांबलं. शेजारच्या घरातलं बोलणं बंद झालं. सत्तरीतला माणूस दुसऱ्याच्या घरात उभा राहून घसा फोडून ओरडत होता: मिस्त्रींनी कुलूप लावलं होतं, मी करवतीनं कापलं, स्विच मी टाकला, आणि खोटं मी लिहिलं.

म्हातारीला या वेळी कळलं. तिचे ओठ हलत राहिले, जणू ती काही मोजत होती. बऱ्याच वेळानं तिनं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

ती म्हणाली, "दारात जा. अन् तितून सांग."

मी दारात गेलो. गल्लीत सात-आठ माणसं जमली होती. त्यांच्याकडं तोंड करून मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.